गाण्यांची जोड कशी लावायची, मतं कशी घ्यायची

ग्रुपवर "सगळ्यात भारी गाणं कोणतं" असं कधीच विचारू नका. मी विचारलं होतं, काही वर्षांपूर्वी कानबाईच्या, म्हणजे आमच्या खान्देशातल्या श्रावणातल्या देवीच्या सणाच्या आधी, सासरच्या भाऊबंदांच्या ग्रुपवर, सव्वाशे माणसं आहेत त्यात, निम्मी पारोळा-अमळनेर बाजूला आणि निम्मी सुरत, नाशिक, कल्याण, पुणे अशी पांगलेली, आणि दोन दिवसांत लिंकांचा नुसता ढीग पडला, कोणी कोणाचं गाणं उघडून ऐकलं नाही, तिसऱ्या दिवशी "आमच्या वेळी" आणि "आजकालची पोरं" सुरू झालं आणि चौथ्या दिवशी दोन जण ग्रुप सोडून गेले. पुढच्या वर्षी मी फक्त प्रश्न बदलला. रोज रात्री नऊला दोनच गाणी टाकायची आणि विचारायचं, या दोघांतलं कोणतं? बस. जी फुई (आत्या) ग्रुपवर देवाच्या फोटोंशिवाय कधी काही टाकत नव्हती ती साडेआठपासून विचारायला लागली, आज कोनती जोडी शे?

तेव्हापासून दर वर्षी करतो आम्ही हे. त्यात काय जमलं आणि काय चुकलं ते सगळं इथे लिहितेय, कारण गणपती येतात, नवरात्र येतं, कॉलेजची गॅदरिंग असतात, सगळीकडे कोणी ना कोणी असं मतदान घेतं आणि बहुतेक वेळा ते घाईत घेतल्यामुळे वाया जातं, आणि मला खरंच वाईट वाटतं, कारण नीट घेतलं तर एका घरातल्या, एका गावातल्या लोकांना मनापासून काय आवडतं ते कळायचा याच्याइतका चांगला रस्ता मला तरी दुसरा माहीत नाही.

जोडीच का, ते आधी. वीस गाण्यांना क्रम लावा म्हटलं तर मला पण जमत नाही, सातवं कोणतं आणि आठवं कोणतं हे कोण सांगणार. पण दोन साड्या समोर धरल्या की कोणती ते लगेच कळतं ना, कारण नसेल सांगता येत पण हात आपोआप एकीकडे जातो. लुई थर्स्टन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९२७ साली याच गोष्टीवर पूर्ण मोजमापाची पद्धत बसवली, म्हणजे ज्या गोष्टी फूटपट्टीने मोजता येत नाहीत, समजा कोणता गुन्हा किती गंभीर वाटतो, त्या दोन-दोन करून लोकांपुढे ठेवायच्या आणि मिळालेल्या उत्तरांवरून सगळ्यांची पट्टी तयार करायची. आणि आपल्याकडे जत्रेतल्या कुस्त्या बघितलेल्या माणसाला तर हे वेगळं सांगायलाच नको, फड रंगतो तो जोड बघून लावली तर, पोराला पैलवानासमोर उभं केलं तर लोक उठून भेळ खायला जातात. सगळं कसब जोड लावण्यात आहे, मतं मोजणं तर पाचवीतलं पोरगं पण करेल.

आता किती गाणी घ्यायची. हरलेलं बाहेर, जिंकलेलं पुढे, अशी सरळ बाद पद्धत असेल तर हिशोब सोपा, प्रत्येक सामन्यात एक गाणं बाहेर जातं म्हणून जितकी गाणी त्याच्यापेक्षा एक कमी सामने. १६ गाण्यांना १५, ३२ ला ३१. रोज एक सामना धरला तर ३२ म्हणजे पूर्ण महिना, आणि माझा अनुभव असा की विसाव्या दिवसानंतर लोक न ऐकताच मत टाकायला लागतात, म्हणून घरच्या ग्रुपला १६ च बरी. आमची कानबाई नागपंचमीनंतरच्या रविवारी बसते, सोमवारी विसर्जन, त्यामुळे आषाढ अर्धा झाला की सुरू करायचं आणि रविवारी रात्री जागरणाला फायनल, असं ते बरोबर बसतं. १६ भरली नाहीत, १२ च आली, तर वरच्या चार नंबरांच्या गाण्यांना (नंबर कसे लावायचे ते पुढे सांगते) पहिल्या फेरीत पुढे चाल द्यायची, उरलेल्या ८ चे ४ सामने, त्यातून आलेली ४ आणि ही ४ मिळून परत ८ होतात. कबड्डीच्या स्पर्धा भरवणाऱ्या कोणत्याही पोराला विचारा, तो दोन मिनिटांत तक्ता काढून देईल.

गाणी गोळा करताना प्रत्येकाने जास्तीत जास्त दोन सुचवायची, आणि नुसतं गाण्याचं नाव नाही चालणार, कोणी गायलंय आणि कोणती रेकॉर्डिंग ते पण पाहिजे. एकाच गाण्याचं मूळ, रिमिक्स, कव्हर आणि लग्नातल्या बॅन्डवर वाजवलेलं असं चार प्रकारचं सापडतं, आणि मत देणारा डोक्यात एक धरून बसतो नि लिंक दुसऱ्याचीच असते. मी एक नियम ठेवलाय, ज्याने सुचवलं त्यानेच लिंक द्यायची आणि ती लिंक शेवटपर्यंत बदलायची नाही.

आणि विषय ठरवा. याच्यावर जरा थांबते, कारण सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. पहिल्या वर्षी मी सगळंच एकत्र घेतलं होतं, अभंग, लावण्या, जुनी हिंदी, भावगीतं, आणि आताची डीजेवरची अहिराणी गाणी पण. पहिल्याच आठवड्यात एक शांत भावगीत आणि एक हळदीत वाजणारं अहिराणी गाणं अशी जोड पडली. जे मतदान झालं त्याच्यावरून मला एवढंच कळलं की ग्रुपमध्ये चाळिशीच्या वरचे किती आणि खालचे किती. गाण्यांबद्दल काहीच कळलं नाही. ते अहिराणी गाणं हरलं, आणि ते गाणं वाईट नव्हतं हो, त्याच्यावर लग्नात अख्खा मांडव नाचलेला मी बघितलाय, पण रात्री नऊ वाजता हेडफोन लावून भावगीताच्या शेजारी बसायचं ते त्याचं कामच नाही. म्हणून आता विषय एकच धरतो. लग्नाच्या वरातीतली. पावसाची. आईवरची. झोक्यावरची. किंवा सगळीच घ्यायची असतील तर चार गट करायचे आणि पहिल्या दोन फेऱ्या आपापल्या गटात, म्हणजे नाचायचं गाणं नाचायच्या गाण्याशी भिडेल, आणि जे गटातून वर येईल त्याने आपली ताकद आधीच दाखवलेली असते, मग पुढे कोणाशीही जोड लावा, लोक मानतात.

जोड लावायच्या दोन तऱ्हा. एक म्हणजे चिठ्ठ्या. लहान पोराच्या हाताने काढायच्या, व्हिडिओ करून ग्रुपवर टाकायचा, कोणाची कुरकुर नाही. पण चिठ्ठ्यांमध्ये दोन सगळ्यात लाडकी गाणी पहिल्याच दिवशी समोरासमोर येऊ शकतात आणि एक बाहेर गेलं की अर्ध्या लोकांचा जीवच निघून जातो. दुसरी तऱ्हा मानांकनाची, मला हीच पटते. १६ गाण्यांची लिस्ट टाकायची, प्रत्येकाने आवडती ५ मला खाजगीत कळवायची, ज्याला जास्त वेळा नाव आलं ते १ नंबर, मग २, असे १६ पर्यंत. आणि जोड अशी लावायची की दोघांच्या नंबरांची बेरीज १७ झाली पाहिजे. वरच्या अर्ध्यात १-१६, ८-९, ५-१२, ४-१३. खालच्या अर्ध्यात ६-११, ३-१४, ७-१०, २-१५. या क्रमाने लिहिलं आणि शेजारच्या-शेजारच्या विजेत्यांना भिडवत गेलं तर १ आणि २ नंबर फायनलच्या आधी भेटूच शकत नाहीत. एक जास्तीची काळजी मी घेते, पहिल्या फेरीत एकाच गायकाची दोन गाणी एकमेकांसमोर आली तर शेजारच्या जोडीतलं एक इकडे-तिकडे करते, नंबर एखाद्याने सरकला तरी चालतं.

आता ऐकण्याचं. हे जर केलं नाही ना तर बाकी सगळं केलेलं वाया, कारण लोक गाण्याला मत देत नाहीत, गाण्याच्या नावाला देतात. नाव ओळखीचं दिसलं की बोट तिकडे. म्हणून आमच्याकडे गाणी टाकल्यावर पहिला अर्धा तास मतदान उघडतच नाही. नऊला गाणी, साडेनऊला पोल. तेवढ्या वेळात जेवणं झालेली असतात, लोक खरंच ऐकतात.

आवाजाचं एक सांगते, हे मला फार उशिरा कळलं. दोन गाण्यांपैकी एक थोडंसं जरी मोठ्याने वाजलं तरी कानाला तेच जास्त भरदार आणि जास्त चांगलं वाटतं, आवाज हळू असला की खर्जातले आणि अगदी बारीक सूर दोन्ही कानाला कमी येतात म्हणून गाणं फिकं वाटतं. आता जुन्या रेकॉर्डिंगा मुळात हळू आणि नवीन गाणी तयार करतानाच आवाज दाबून वर आणलेला, म्हणजे जुन्या गाण्यावर अन्याय ठरलेलाच. थंडीत यावल तालुक्यात माझ्या माहेरी मळ्यात भरीत पार्टी असते, तुरीच्या-कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजतात, शंभरेक माणूस जमतं, तिथे आम्ही एकदा ब्लूटूथ स्पीकरवर आठ गाण्यांचं मतदान घेतलं, हात वर करून. चार सामने झाले तरी एक पण जुनं गाणं जिंकेना. मग एका भावाला स्पीकरपाशी बसवलं, डोळे मिटून, त्याने सांगितलं की पहिल्यापेक्षा हे हळू वाटतंय, तसतसा आवाज कमी-जास्त करत दोन्ही सारखी केली, आणि त्याच जोड्या परत घेतल्या. दोन निकाल उलटले. तेव्हापासून आधी दोन्ही गाण्यांचे आवाज जुळवल्याशिवाय मी मत घेत नाही. घरोघर मोबाईलवर ऐकणार असतील तर तेवढं हातात नसतं, पण निदान इतकं सांगा की इयरफोन लावा, मोबाईलच्या स्पीकरवर ढोल आणि संबळ नुसता टकटक वाजतो, त्यातला खालचा आवाज येतच नाही, आणि मग ठेक्यावरचं गाणं विनाकारण मार खातं.

अजून एक, रोज एकाच क्रमाने वाजवू नका. शेवटी ऐकलेलं कानात राहतं, त्याचा थोडा फायदा होतो. आज वरच्या नंबरचं आधी, उद्या वरच्या नंबरचं नंतर, असं आलटून पालटून. गुगल फॉर्म वापरत असाल तर त्यात पर्यायांचा क्रम प्रत्येकाला वेगळा दाखवायची सोय आहे, ती चालू करा. आणि जमून ऐकत असाल तर दोन्ही गाण्यांचा मुखडा आणि एक अंतरा एवढंच वाजवा, एक पूर्ण आणि दुसरं मध्येच तोडलेलं असं नको.

मत घ्यायचं कसं याच्याबद्दल मला जरा ठाम बोलायचंय. व्हॉट्सॲपचा पोल सगळ्यात सोपा, दोन पर्याय टाका, एकापेक्षा जास्त उत्तरं देता येतील ते बटण बंद करा, झालं. मित्रांच्या ग्रुपला तो चांगलाच आहे. पण ग्रुपच्या पोलमध्ये कोणी कशाला मत दिलं ते नावासकट सगळ्यांना दिसतं, आणि सासरच्या ग्रुपवर ही गोष्ट लहान नाही. आमच्या जेठांनी, म्हणजे थोरल्या दिरांनी, पहिलं मत टाकलं की पुढची दहा-बारा मतं त्याच बाजूला, आणि घरातल्या आम्ही सुना एकतर तिकडेच किंवा गप्प. मी स्वतः दोनदा जेठांच्या गाण्याला मत दिलंय, मनात दुसरं असताना. मग मी पद्धत बदलली, मतं ग्रुपवर नाहीत, मला खाजगीत पाठवायची, ज्यांना मला पण कळू द्यायचं नाही त्यांच्यासाठी नाव न विचारणारा गुगल फॉर्म. त्या वर्षी पहिल्यांदा जेठांची गाणी हरायला लागली आणि जेठाणीबाई, ज्या एक शब्द बोलत नाहीत ग्रुपवर, त्यांनी मला सगळ्याच्या सगळ्या १५ सामन्यांना मत पाठवलं. जेठांना राग आला का, तर नाही, उलट ते फोन करून विचारायला लागले की कोनी पाडं मन्ह गानं, आणि मी सांगितलं नाही.

फॉर्ममध्ये एक अडचण आहे, नाव नाही म्हणजे एकच माणूस चार वेळा भरू शकतो. एकदाच उत्तर द्यायची सोय आहे पण त्याला गुगलच्या खात्याने लॉगिन करावं लागतं आणि आपल्या फुया-मावश्यांना ते जमत नाही. माझा तोडगा असा, ज्येष्ठांची मतं व्हॉइस मेसेजवर किंवा फोनवर, बाकीच्यांची लॉगिनवाल्या फॉर्मवर. आणि फॉर्मची लिंक ग्रुपबाहेर फिरवायची नाही हे पहिल्या दिवशीच सांगायचं. एका वर्षी एका भाच्याने आपल्या गाण्यासाठी कॉलेजच्या मित्रांना लिंक वाटली, एका तासात शंभराच्या वर मतं, मला तो सामना रद्द करून परत घ्यावा लागला. पोराला रागावले नाही, त्याला गाण्याचं प्रेम होतं म्हणूनच केलं त्याने. आणि ही खोड जुनीच आहे, रेडिओवरच्या फर्माइशींमुळे झारखंडातलं झुमरीतलैया गाव देशभर प्रसिद्ध झालं ते तिथली मोजकी माणसं ढिगाने पत्रं पाठवायची म्हणूनच.

रेडिओचं निघालं म्हणून, घरात साठीच्या पुढचं कोणी असेल तर त्यांना गीतमालेबद्दल विचारा, मतदानात लगेच रमतात. रेडिओ सिलोनवर १९५२ मध्ये अमीन सायानींनी ती सुरू केली तेव्हा मुळात स्पर्धाच होती, सात गाणी वाजवायची आणि ऐकणाऱ्यांनी लोकप्रियतेप्रमाणे क्रम लावून पत्राने पाठवायचा, पुढे मग तिचं पायदानांवरच्या गाण्यांचं रूप झालं आणि रेकॉर्डची विक्री, श्रोता संघांची मतं असं धरून क्रम लागायला लागला. आमचे जिभाऊ अजून पण सामना म्हणत नाहीत, पायदान म्हणतात, "आज कोनतं पायदान शे".

वेळ चोवीस तासांची ठेवा. कमी नको. गावाकडे रात्रीची लाईट असली की माणसं केळीला, कपाशीला पाणी द्यायला मळ्यात जातात, सुरतेची पोरं रात्रपाळीला असतात, रेल्वेतल्या लोकांची ड्युटी कधीही, त्या सगळ्यांना एकदा तरी निवांत ऐकायला मिळालं पाहिजे. नऊ ते नऊ. आणि मधे कोण पुढे आहे ते सांगायचं नाही, एकदा सांगितलं की लोक जिंकणाऱ्याच्या मागे लागतात, नाहीतर हरणाऱ्याची दया येऊन तिकडे वळतात, दोन्ही खोटं.

बरोबरी झाली तर काय, हे सामना सुरू व्हायच्या आधी ठरलेलं पाहिजे, नंतर काही ठरवलं तर भांडण पक्कं. नाणं उडवायला माझा विरोध आहे, इतक्या लोकांनी ऐकून दिलेली मतं शेवटी नाण्यावर कशाला सोडायची. आम्ही तीच जोड दुसऱ्या दिवशी उलट क्रमाने परत वाजवतो आणि परत मतं घेतो, तरी बरोबरी राहिली तर दोन्ही गाणी पुढे आणि पुढच्या फेरीत एक तिरंगी सामना.

बाद पद्धतीत एक कमतरता आहे ती माहीत असू द्या. फायनलला हरलेलं गाणं दोन नंबरचं असतंच असं नाही, खरं दोन नंबरचं कदाचित पहिल्याच फेरीत विजेत्याकडून पडलेलं असेल. आणि कधी कधी तर पहिला नंबर असा काही नसतोच. समजा तीन गाणी, एक पावसाचं, एक लावणी, एक अभंग. मावशीला आधी पाऊस, मग लावणी, मग अभंग. काकांना लावणी, मग अभंग, मग पाऊस. पोराला अभंग, मग पाऊस, मग लावणी. आता जोड्या लावून बघा, पाऊस लावणीला पाडतो दोन विरुद्ध एक, लावणी अभंगाला पाडते दोन विरुद्ध एक, आणि अभंग पावसाला पाडतो, परत दोन विरुद्ध एक. तिघांपैकी कोणीही खोटं मत दिलेलं नाही तरी गोल फिरतं. फ्रान्सच्या कोंदोर्सेने १७८५ मध्ये हे लिहून ठेवलंय. म्हणून "माझं गाणं तर या विजेत्यापेक्षा भारी होतं" असं कोणी म्हणालं तर त्याला गप्प करू नका, तो बरोबर असू शकतो.

ज्यांना नीट पूर्ण क्रमच पाहिजे त्यांनी गाणी कमी घेऊन प्रत्येकाची प्रत्येकाशी जोड लावावी, ८ गाणी असतील तर २८ जोड्या, पण १६ ना १२० होतात, ते घरच्या ग्रुपला झेपत नाही. मधला रस्ता बुद्धिबळवाल्यांचा. अर्पाद एलो या प्राध्यापकांची गुणपद्धत, अमेरिकेच्या बुद्धिबळ संघटनेने १९६० मध्ये घेतली आणि १९७० मध्ये जागतिक संघटनेने. सगळ्या गाण्यांना सुरुवातीला १५०० गुण. बरोबरीच्या दोघांत जो जिंकला त्याला १६ मिळतात आणि हरलेल्याचे १६ जातात. पण २०० गुणांनी पुढे असलेलं गाणं मागच्याला हरवलं तर त्याला ८ च्या आसपासच मिळतात, आणि मागच्याने पुढच्याला पाडलं तर त्याला २४. म्हणजे मोठ्याला पाडण्याची किंमत मोठी, यात पण कुस्तीचाच न्याय आहे. हे सगळं एक्सेलमध्ये घालून ठेवता येतं आणि वर्षानुवर्षं चालू ठेवता येतं, माझ्या पुतण्याने तसं केलंय, मी स्वतः मात्र बाद पद्धतच धरून आहे कारण फायनलच्या रात्रीची मजा गुणांच्या तक्त्यात येत नाही.

मतासोबत एक ओळ मागा. का आवडलं? सक्ती नको, पण मागा. माझ्याकडे या ओळींची वही आहे आणि निकालांपेक्षा मला ती जास्त प्रिय आहे. केळीची गाडी घेऊन दिल्लीला जाणाऱ्या एका चुलत दिरांनी लिहिलं होतं, हे गाणं लावलं की घाटात झोप येत नाही. एका नणंदेने लिहिलं, माझ्या वरातीत बॅन्डवाल्याने हेच चुकीच्या सुरात वाजवलं होतं तरी मला रडू आलं. शिरपूरकडचे एक पाहुणे दर वेळी लताबाईंनाच मत देतात, समोर कोणीही असो, आणि कारण लिहितात "आमच्या थाळनेरची नात". खरंच आहे ते, लताबाईंच्या आई तापीकाठच्या थाळनेरच्या, आणि आजीकडून त्या गरब्याची गाणी शिकलेल्या. असं मत बाद करायचं का? मी करत नाही. आपण जगातलं सगळ्यात चांगलं गाणं शोधत नाही आहोत, आपल्या लोकांचं शोधतोय, आणि थाळनेर आपलंच आहे. फक्त निकाल लिहिताना "आमच्या ग्रुपचं" असं लिहायचं, "सर्वोत्तम" नाही.

आता ज्याच्यासाठी मी हे लिहायला बसले ते. यूट्यूबवर जे नाही त्या गाण्यांचं काय? कानबाईची गाणी, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गौराईपुढे म्हणतात ती, झोक्यावरची, जात्यावरच्या ओव्या. तिसऱ्या वर्षी फुईने विचारलं, "मन्ह गानं का नही तुम्हना लिस्टमा?" आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण लिंक नव्हती एवढंच. बहिणाबाई जळगावजवळच्या असोद्याच्या, त्यांना लिहिता येत नव्हतं, त्यांची गाणी आज आहेत ती घरच्या माणसांनी वेळेवर कागदावर उतरवली म्हणून. आपल्या प्रत्येकाच्या घरात अशी एखादी बाई आहे आणि आपल्या हातात तर कागदापेक्षा चांगलं यंत्र आहे.

रेकॉर्ड करायचं तर पंखा बंद करा, खोलीत गोधड्या-गाद्या असतील तर अजून चांगलं, आवाज घुमत नाही. मोबाईल घडी केलेल्या गोधडीवर, तोंडापासून एक हात लांब, फ्लाईट मोडवर. आधी तिला एकटीला म्हणू द्या, मग बाकीच्या बायकांना मागून झेलू द्या, दोन्ही ठेवा. सुरुवातीला तिच्याच आवाजात गाणं कुठे ऐकलं, माहेर कोणतं, सासर कोणतं ते बोलून घ्या, कारण रावेरकडचं आणि साक्रीकडचं गाणं एकच असलं तरी शब्द फिरतात, आणि मग जोड लावताना लोक भांडतात की आमच्याकडे असं नाही म्हणत. ते भांडण होऊ द्या, त्यातून तिसरं रूप बाहेर येतं, ते पण रेकॉर्ड करा. आणि ग्रुपबाहेर टाकायचं का ते तिला विचारा, नाही म्हणाली तर नाही.

मग जोड. इथे सगळ्यात महत्त्वाचं, दोन बायकांची दोन गाणी समोरासमोर लावू नका. मी लावली होती एकदा, आणि मतदान गाण्यांचं न होता त्या दोघींचं झालं, कोणाची पोरं ग्रुपवर जास्त त्याचं झालं, आणि जी हरली ती पुढे आठ दिवस माझ्याशी नीट बोलली नाही, बरोबरच होतं तिचं. आता दोन्ही गाणी एकाच बाईकडून म्हणून घेतो. आवाज तोच, खोली तीच, मोबाईल तोच, म्हणजे फरक उरतो तो फक्त चालीचा आणि शब्दांचा. अशी जोड लागली ना की लोक किती बारीक ऐकतात ते बघा, कोणी ठेक्यावर बोलतं, कोणी एका शब्दावर, सुरतेत जन्मलेल्या पोरांनी विचारलं की "खापर" म्हणजे काय, आणि त्यांना मांडे कशावर भाजतात ते सांगायला दहा बायका पुढे आल्या. फिल्मी गाण्याशी मात्र या गाण्यांची जोड लावत नाही, ज्याच्या मागे साठ वादकांचा ताफा आहे त्याच्याशी खोलीत बसून म्हटलेल्या गाण्याची काय कुस्ती लावायची. त्यांची वेगळी चार गाण्यांची फेरी असते, तीन सामने, आणि जे जिंकतं ते रविवारी रात्री कानबाईपुढे आधी म्हटलं जातं, फिल्मी फायनल त्याच्यानंतर.

हरलेली गाणी टाकून देऊ नका. सगळी १६ एका प्लेलिस्टमध्ये टाकून सोमवारी विसर्जनानंतर ग्रुपवर द्या, सुचवणाऱ्याच्या नावासकट, पहिल्या फेरीत पडलेली सगळ्यात वर. पहिल्या चार गाण्यांना पुढच्या वर्षी विश्रांती, नाहीतर दर वर्षी तीच जिंकतात, बाकीची परत येऊ शकतात. मतांचा कागद, कारणांची वही आणि रेकॉर्डिंग दोन वेगळ्या फोनवर ठेवा.

आणि बायकांची गाणी श्रावण तोंडावर आल्यावर मागायला जाऊ नका. आखाजीला लेकी माहेरी आलेल्या असतात, झोके बांधलेले असतात, दुपारी सगळ्या एका ओट्यावर बसलेल्या असतात, तेव्हाच घेऊन ठेवा, श्रावणात त्या आपापल्या सासरी असतात आणि फोनवर म्हण म्हटलं तर लाजतात.